शिका, संघटित व्हा, संघर्ष करा... आणि त्यापुढचा सल्ला



जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषद झाली. तिथल्या भाषणाच्या शेवटी बाबासाहेबांनी जो सल्ला दिला, त्यातले तीन शब्द आज आपल्या घराघरांत आहेत. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. कमानीवर, गाडीच्या काचेवर, लग्नपत्रिकेवर, डीजेच्या ट्रकवर, सगळीकडे. मूळ इंग्रजी भाषणात संघर्ष आधी येतो की संघटन, यावर आपले कार्यकर्ते रात्र-रात्र वाद घालतात. मीही घातलेला आहे. पण या तीन शब्दांना लागूनच बाबासाहेबांनी चौथी गोष्ट सांगितली होती : स्वतःवर विश्वास ठेवा. ही चौथी गोष्ट मला आजवर एकाही बॅनरवर दिसलेली नाही.

ती गळाली याचे कारण माझ्या मते साधे आहे. पहिल्या तीन गोष्टी दाखवता येतात. डिग्री दाखवता येते, संघटनेचे लेटरहेड दाखवता येते, मोर्चाचे फोटो दाखवता येतात. स्वतःवरचा विश्वास दाखवता येत नाही आणि तो संपला तरी बाहेरून कळत नाही. निळा झेंडा हातात धरून घसा कोरडा पडेपर्यंत घोषणा देणारा कार्यकर्ता आतून किती रिकामा झाला आहे, हे शेजारी उभ्या असलेल्या साथीदारालाही कळत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही.

यंदा १७ जानेवारीला रोहित वेमुलाच्या स्मृतिदिनाचा एक कार्यक्रम होता. मीही वक्ता होतो. माझ्या आधी बोललेल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मोठ्या आवाजात सांगितले की बाबासाहेबांचा वाघ कधी रडत नाही आणि कधी हार मानत नाही. रोहितच्या फोटोसमोर उभे राहून हे वाक्य बोलले गेले आणि त्यावर टाळ्या पडल्या. सवयीने मीही वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर आम्ही खुर्च्या गोळा करत होतो, तेव्हा एक मुलगा मागे रेंगाळला. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा. चार खुर्च्या एकात एक घालून तो माझ्यापाशी आला आणि खाली बघत म्हणाला, "दादा, जे वाघ नाहीत त्यांनी काय करायचं?"

त्याला मी तिथे जे उत्तर दिले ते अर्धवट होते. उरलेले इथे लिहितो आहे.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडील सेंट्रिंगचे काम करायचे, आई रोजंदारीवर खुरपायला जायची. पदवीनंतर पुण्यात एमपीएससी करायला आलो. तिसऱ्या प्रयत्नात मुख्य परीक्षेला थोड्या गुणांनी गेलो, आणि त्यानंतरचे सात-आठ महिने माझ्या आयुष्यात आहेत आणि नाहीतही. सुरुवात झोपेपासून झाली. पहाटे साडेतीनला जाग यायची ती यायचीच, परत डोळा लागायचा नाही. मग पुस्तक उघडले की दोन-दोन तास तेच पान. मेसचा डबा दारात तसाच पडून राहायचा. आंघोळ हे डोंगराएवढे काम वाटायला लागले. आईचा फोन आला की कट करायचो आणि कट केला म्हणून रडायचो.

त्या वर्षी १४ एप्रिलच्या रात्री मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडावरून गेली. खिडकीच्या काचा थरथरत होत्या, खाली पोरं नाचत होती, आणि मी चादर ओढून पडलो होतो. ज्या आवाजाने दरवर्षी अंगावर काटा यायचा, त्या आवाजाने काहीच झाले नाही. दुःखसुद्धा झाले नाही. त्या काहीच न वाटण्याची मला इतकी लाज वाटली की मी स्वतःला गद्दार ठरवून टाकले. जयंतीच्या दिवशी ज्याचे मन हलत नाही तो कसला आंबेडकरवादी? आज मला कळते की कशाचाच आनंद न वाटणे हे त्या आजाराचे ठळक लक्षण आहे, डॉक्टर पहिल्या पाच प्रश्नांत तेच विचारतात. पण तेव्हा मी आजाराला गद्दारी समजलो.

आणखी एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. त्या दिवसांत डोक्यात एक आवाज चालू असायचा. तुझी लायकी नाही. बापाच्या घामावर बसून खातोस. तू इथवर आलास तेच सवलतीवर. ही वाक्ये माझी नव्हती. पहिले वाक्य सातवीत एका मास्तरांनी वर्गासमोर ऐकवले होते. शेवटचे वाक्य तर मी पुण्यातल्या अभ्यासिकेत, कट-ऑफ लागला त्या दिवशी, पाठीमागच्या टेबलावरून ऐकले होते. नैराश्य माणसाला गाठते तेव्हा ते नवे शब्द घेऊन येत नाही. जे तिथे आधीच पडलेले असतात तेच उचलते. सवर्ण घरातल्या पोरालाही हा आजार नालायकच म्हणतो. पण आपल्या पोराला तो नालायक म्हणतो तेव्हा त्याच्या बाजूने साक्ष द्यायला शाळा असते, वसतिगृहाचा कारकून असतो, वर्गातली कुजबुज असते. म्हणून आपल्याला तो आवाज खरा वाटतो. स्वतःवरचा विश्वास परत येण्याची सुरुवात माझ्या बाबतीत छाती फुगवण्यापासून झाली नाही. हा आवाज कोणाचा आहे, हे ओळखण्यापासून झाली.

आता वाघाचा मुद्दा घेऊ.

१९१७ साली बडोद्यात काय झाले हे आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना काठ्या घेतलेल्या पारशांनी सरायीतून बाहेर काढले. मुंबईची गाडी रात्री होती, तोवरचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले. ती जागा आज आपली संकल्पभूमी आहे. पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्या तासांबद्दल त्यांनी स्वतः काय लिहून ठेवले ते पुन्हा एकदा वाचा. मन कधी सुन्न होते, कधी दुःखाने भरलेले होते, आणि निराधार झालेल्या लेकराला यावी तशी आईवडिलांची आठवण येत होती, असे ते सांगतात. पुढे असेही सांगतात की अठरा वर्षे उलटून गेल्यावरही काठ्या घेऊन उभे असलेले ते लोक डोळ्यांसमोर जसेच्या तसे येतात आणि आठवण झाली की डोळ्यांत पाणी येतेच. लक्षात घ्या, हे कोणी विरोधकाने लिहिलेले नाही. ज्या माणसाच्या नावाने आपण पोरांना रडू नका म्हणतो, त्यानेच हे लिहिले आहे. संकल्पाच्या आधी त्या झाडाखाली सव्वीस वर्षांचा एक सुन्न तरुण बसला होता. आपण पुतळा केला तेव्हा तो तरुण वगळला.

जुलै १९२६ मध्ये त्यांचा राजरत्न गेला. त्याआधी आणखी तीन लेकरे गेली होती. ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना पत्र लिहिले. या धक्क्यातून आपण आणि रमाई सावरलो आहोत असे सोंग आणण्यात अर्थ नाही, आणि कधी सावरू असेही वाटत नाही, हा त्या पत्राचा आशय. त्यानंतर सात महिन्यांनी महाडचे चवदार तळे आहे. मात्र "बघा, एवढे होऊनही ते उठले, मग तुम्ही का उठत नाही" असे म्हणायला मी हे सांगत नाही. असे म्हणणाऱ्यांनी मला पुरेसे छळले आहे. मला त्या पत्रात दुसरीच गोष्ट दिसते : त्यांनी मित्राला लिहिले. आपण ठीक नाही हे कागदावर उतरवून पोस्टात टाकले. ज्याच्यावर अख्ख्या समाजाची भिस्त होती, त्याला हे करताना कमीपणा वाटला नाही.

आणि औषधाचे म्हणाल, तर बाबासाहेब मधुमेहासाठी इन्सुलिन घेत होते, संधिवाताने बेजार होते, मुंबईत डॉ. मालवणकरांकडे त्यांचे उपचार चालायचे. इन्सुलिन घेतले म्हणून त्यांना कमकुवत म्हणायची कोणाची हिंमत नाही. मग मेंदूच्या औषधाची चिठ्ठी आपली पोरं पाकिटाच्या आतल्या कप्प्यात का लपवतात?

याचे एक कारण आपल्या भाषेत आहे. 'मानसिक गुलामगिरी' हा शब्द आपण इतका वापरतो की मनाशी संबंधित काहीही निघाले की तो बाहेर पडतो. पोरगा खचला, तर तो मानसिक गुलाम. डॉक्टरकडे गेला, तर त्याने विचारांवरचा विश्वास सोडला. माझा एक जुना साथी मला म्हणाला होता, "गोळ्या खाऊन जात जात नसते." वाक्य टाळीचे आहे आणि खरेही आहे. जात गोळीने जात नाही. पण तीन महिने धड न झोपलेल्या माणसाला जातीविरुद्ध लढताही येत नाही, तो अर्जाच्या चार ओळीदेखील लिहू शकत नाही. मानसिक गुलामगिरी म्हणजे दुसऱ्याने आपल्याला ठरवून दिलेली जागा आपण मान्य करणे. नैराश्य हा आजार आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला की आजारी माणूस आरोपी होतो.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक आहे. मी पहिल्यांदा ज्या समुपदेशकांकडे गेलो, त्यांनी माझे दहा मिनिटे ऐकले आणि म्हणाले, "हे जात वगैरे आधी डोक्यातून काढून टाका. सगळ्यांनाच टेन्शन असतं." मी जात डोक्यात घेऊन जन्मलो नव्हतो, ती घालण्यात आली होती, हे त्यांना सांगायची ताकद त्या दिवशी माझ्यात नव्हती. मी उठलो आणि दोन महिने कोणाकडेच गेलो नाही. आपल्या अनेक मुलामुलींच्या बाबतीत हेच होते. दाराशी पोहोचतात आणि आत त्यांचे अर्धे आयुष्य ऐकूनच घेतले जात नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०१४ ते २०२१ या काळात केंद्राच्या उच्च शिक्षण संस्थांमधल्या १२२ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात २४ अनुसूचित जातीचे, ३ अनुसूचित जमातीचे आणि ४१ ओबीसी होते. म्हणजे निम्म्याहून अधिक आपले. हे काही मनाच्या कमकुवतपणाचे आकडे नाहीत. ज्या संस्थेत आडनाव विचारून मैत्री ठरते, तिथल्या वातावरणाचे हे आकडे आहेत, आणि त्या वातावरणाविरुद्ध लढा द्यावाच लागेल. रोहितच्या आई राधिका वेमुला आणि डॉ. पायल तडवींच्या आई आबेदा तडवी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या याच कारणासाठी. "डिप्रेशन होतं हो त्याला" असे म्हणून संस्थेला मोकळे सोडणाऱ्यांच्या बाजूने मी उभा नाही.

तरीपण एक प्रश्न मला स्वतःच्या लोकांना विचारायचा आहे. रोहित, पायल, दर्शन सोळंकी यांच्या नावाने मोर्चे निघाले, निघायलाच हवे होते. गेलेल्यासाठी आपण दहा हजारांनी जमतो. पण आज जो जिवंत आहे, खोलीत आहे, फोन उचलत नाही, त्याच्या दारात आपल्यातला एक तरी जातो का? गेलो तरी काय बोलायचे ते माहीत नसते म्हणून "भावा, खंबीर हो" म्हणून परत येतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ सांगते की मानसिक आजार असलेल्यांपैकी, आजारागणिक, ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. ही सगळ्या देशाची गोष्ट आहे. आपल्या वस्तीत जिथे रोज बुडवून ओपीडीच्या रांगेत उभे राहावे लागते, तिथे काय असेल ते सांगायची गरज नाही. आणि आपल्या आयाबहिणींचे तर विचारूच नका. त्यांचे दुखणे डोके, कंबर, अंग असेच सांगितले जाते, त्यावर मेडिकलवाला पांढरी गोळी देतो आणि वर्षे निघून जातात.

माझ्या दारात एक जण आला. आमच्या विहारातली अभ्यासिका चालवणारा दादा, वयाने मोठा, एसटीत मेकॅनिक. तो काही बोलला नाही. खोलीतले डबे बाहेर ठेवले, खिडकी उघडली आणि म्हणाला, "उद्या नऊला येतो, सरकारी दवाखान्यात जाऊ. आधार कार्ड काढून ठेव." मी नाही म्हणालो. तो नऊला आला. केस पेपरच्या रांगेत तोच उभा राहिला, मी बाकावर बसून होतो. आतल्या डॉक्टर मॅडमने शांतपणे ऐकले, जातीचे सांगितले तेव्हा मान खाली घालून लिहीत राहिल्या नाहीत, वर बघून "कधीपासून" असे विचारले. एवढ्या एका प्रश्नासाठी मी त्यांचा आजही ऋणी आहे.

गोळ्यांबद्दल थोडे स्पष्ट लिहितो, कारण अर्धी भीती अज्ञानाची आहे. पहिले दोन आठवडे मला काही फायदा वाटला नाही, फक्त मळमळ आणि तोंडाला कोरड. ही औषधे साधारण दोन ते चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिराने लागू पडतात. नैराश्यावरच्या या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर त्रास होतो आणि आजार उलटू शकतो. मी ते करून पाहिले आहे. दोन महिन्यांनी बरे वाटले, म्हटले आता कशाला, आणि स्वतःच्या मनाने बंद केल्या. महिनाभरात पुन्हा पहाटेचे साडेतीन. मॅडम रागावल्या नाहीत. बरे वाटल्यानंतरही काही महिने औषध का चालू ठेवायचे ते त्यांनी परत पहिल्यापासून समजावले. मला मात्र वाटले की मी दुसऱ्यांदा नापास झालो. बरे होणे ही सरळ रेषा नाही, हे त्या वेळी कोणी सांगितले असते तर एक वाईट आठवडा वाचला असता. म्हणून तुम्हाला सांगतो.

आपल्यात आणखी दोन वाटा आहेत. घरातला देव्हारा उचलला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, पण पोराचे डोके फिरले की आत्या गुपचूप 'बघणाऱ्या'कडे नारळ घेऊन जातेच. तिला हसू नका. दवाखान्याची भीती आणि 'वेड्याचा शिक्का' यांच्यापेक्षा तिला नारळ सोपा वाटतो. तिच्यासोबत दवाखान्यात जा. दुसरी वाट सुशिक्षितांची : "दहा दिवस विपश्यनेला पाठवा, सगळं निघून जाईल." विपश्यनेवर आपल्यात मतभेद आहेत, ते बाजूला ठेवू. पण गोएंका गुरुजींच्या शिबिराची नियमावली स्वतःच सांगते की हे वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही आणि गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी यात येऊ नये. अर्ज भरताना ती माहिती लपवून माणूस पाठवणारे कार्यकर्ते मी पाहिले आहेत. दहा दिवस मौनात त्या पोराचे काय होत असेल?

मग 'अत्त दीप भव'चे काय? स्वतःच स्वतःचा दिवा व्हा, असे तथागतांनीच सांगितले आहे ना, असे मला ऐकवले गेले. सांगितले आहे. पण त्याच तथागतांना आनंद एकदा म्हणाला की चांगल्या मित्राची सोबत म्हणजे अर्धा मार्ग झाला, तेव्हा त्यांनी त्याला अडवले आणि म्हटले, अर्धा नव्हे, सगळाच. कल्याणमित्राची ही गोष्ट संयुत्त निकायात आहे. पटाचाराची कथाही आठवा. नवरा, दोन मुले, आईवडील, सगळे गेले, आणि भान हरपून ती उघडीनागडी भटकत जेतवनात आली. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. बुद्धांनी तिला येऊ दिले, भानावर ये बहिणी म्हणाले, आणि गर्दीतल्या एकाने आपले पांघरूण तिच्या अंगावर टाकले. धम्म तिने त्यानंतर ऐकला. पुढे हीच पटाचारा थेरी झाली, आणि लेकरे गमावलेल्या कितीतरी बाया तिच्याकडे येत. त्या पांघरूण टाकणाऱ्या माणसाचे नाव कोणी नोंदवलेले नाही. आमचा मेकॅनिक दादा मला त्याच जातकुळीतला वाटतो (जातकुळी हा शब्द इथे मुद्दाम).

विश्वास परत कसा आला, हे सांगायचे राहिले. भाषणांनी आला नाही. त्या काळात मी यूट्यूबवर प्रेरणादायी व्हिडिओ इतके पाहिले की त्यातली वाक्ये मला पाठ झाली, आणि प्रत्येक व्हिडिओनंतर मी आणखी लहान होत गेलो. औषध सुरू होऊन महिना झाला असेल, दादाने मला अभ्यासिकेची किल्ली दिली. "उद्यापासून सकाळी सातला कुलूप तू उघडायचंस. माझी पाळी बदलली." पाळी बदलली नव्हती, हे मला नंतर कळले. पहिल्या दिवशी सव्वासात झाले. दारात तीन पोरं दप्तर घेऊन उभी होती. कोणी काही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी सातला गेलो. मन लागत होते म्हणून नाही, दारात पोरं उभी असतील म्हणून. तिसऱ्या आठवड्यात एकीने शेकडेवारीचे गणित विचारले आणि मी सोडवून दिले. त्या दिवशी दुपारी मी दीड पोळी जास्त खाल्ली. आशा वगैरे जी म्हणतात ती माझ्याकडे एवढ्याच आकाराने आली.

पुढे वाचनात आले की ही काही दादाची जादू नव्हती. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी असाच एक उपचार तपासून पाहिला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत हेच शिकवले : मन तयार होण्याची वाट बघू नका, छोटे ठरलेले काम करा, मन मागून येते. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला हे दिल्यावर रुग्ण जास्त प्रमाणात सुधारले, आणि तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. आता विचार करा, आपल्याकडे विहारे आहेत, अभ्यासिका आहेत, महिला मंडळे आहेत, प्रत्येक वस्तीत पाच-दहा कार्यकर्ते आहेत. अशा कामासाठी याहून चांगली तयारी कोणत्या समाजाकडे आहे? जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा एक तास कमी केला तर चार कार्यकर्त्यांना शिकवून आणण्याचा खर्च निघतो. हे म्हटले की काही मंडळांचे अध्यक्ष माझ्यावर चिडतात. चिडू द्या.

कायद्याचेही माहीत असू द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा आपला हक्क आहे, आणि त्यात जातीवरून भेदभाव करता येत नाही. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसावर तीव्र ताण होता असेच हा कायदा गृहीत धरतो आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो. म्हणून पोलीस केसच्या भीतीने कोणाला घरी दडवून ठेवू नका, दवाखान्यात न्या. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. अभ्यासिकेच्या भिंतीवर चालू घडामोडींच्या कात्रणांशेजारी हा नंबर चिकटवायला काय हरकत आहे? आणि जर ओपीडीत डॉक्टरच नसेल, पद रिकामे असेल, तर त्यासाठी निवेदन द्या, धरणे धरा. संघर्ष तिथेही आहे.

मी आज पूर्ण बरा आहे असे म्हणत नाही. औषध बंद होऊन बरीच वर्षे झाली, पण पावसाळ्यात दोन-तीन आठवडे पहाटेची जाग येते. आता मी ती ओळखतो. आवाज आला की कोणाचा आहे ते तपासतो, आणि दादाला फोन करतो. एमपीएससी झाली नाही. शिकवणी घेतो, अभ्यासिका चालवतो, लिहितो. आईचा फोन पहिल्या रिंगला उचलतो, एवढी सुधारणा नक्की आहे.

त्या मुलाला १७ जानेवारीला मी फक्त माझा नंबर दिला होता आणि मीही वाघ नाही असे सांगितले होते. आठ दिवस काही आले नाही, म्हणून मीच फोन केला. इकडचे तिकडचे बोलला. मग विचारले, ओपीडी कोणत्या वारी असते, आणि घरी कळेल का. घरी कळणार नाही, तू अठरा पूर्ण आहेस, असे सांगितले. केस पेपरसाठी आधार कार्ड आण, सकाळी काहीतरी खाऊन ये, रांग मोठी असते, असेही सांगितले. गुरुवारी नऊला आम्ही गेटवर भेटलो. रांगेत मी उभा राहिलो.